छेडलेल्या तारेला ‘सस्टेन’ नसतो

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत संगणकावरील संगीतनिर्मितीविषयी आलेला लेख आवडीने वाचला. मराठीत या विषयावर क्वचितच कोणी लिहिते, म्हणून लेखकाचे आणि आपले आधी आभार मानतो. परंतु लेखासोबत नवशिक्यांसाठी जी चौकट छापली आहे, तिच्यातील एक सल्ला चुकीचा आहे आणि ती चूक वरवरची नसून मुळातली आहे, म्हणून हे पत्र. सॉफ्टवेअर सिंथेसायझरमध्ये (संगणकावर कृत्रिम आवाज घडवणाऱ्या प्रोग्राममध्ये) गिटार, सतार, हार्प अशा छेडून वाजवायच्या वाद्यांसारखा आवाज घडवताना स्वर फार लवकर विरत असेल तर ‘सस्टेन’ वाढवावा, असे त्या चौकटीत म्हटले आहे. सस्टेन वाढवला की स्वर विरायचा थांबतो हे खरे, पण त्याच क्षणी तो छेडलेल्या तारेचा राहत नाही. बोट पट्टीवर असेपर्यंत एकाच पातळीवर चालत राहणारा ऑर्गनचा स्वर होतो. पुढे लेखात ‘संगणकावरची तार नेहमी निर्जीवच वाटणार’ असा जो निष्कर्ष काढला आहे, तोही मला याच चुकीचे अपत्य वाटतो. तार निर्जीव वाटते ती बहुतेक वेळा तिचा एन्व्हलप चुकीचा आखल्यामुळे.

एन्व्हलप म्हणजे येथे टपालाचे पाकीट नव्हे. स्वर सुरू झाल्यापासून संपेपर्यंत त्याची पातळी कशी चढते आणि उतरते, हे सांगणारी रेषा म्हणजे एन्व्हलप. बहुतेक सिंथेसायझरांत ती चार बटणांनी आखतात: अटॅक (चढ), डीके (त्यानंतरचा उतार), सस्टेन आणि रिलीज (पट्टी सोडल्यावरचे विरणे). यांपैकी अटॅक, डीके आणि रिलीज ही तिन्ही काळाची मापे आहेत. सस्टेन मात्र काळाचे माप नसून पातळीचे आहे. डीके संपल्यावर पट्टी दाबून धरलेली असेपर्यंत स्वर किती मोठा राहील, एवढेच ते सांगते. घोटाळा होतो तो येथेच. गिटार वाजवणारा ‘या गिटारचा सस्टेन चांगला आहे’ असे म्हणतो, तेव्हा त्याला तार किती वेळ घुमत राहते हे सांगायचे असते. सतारिये त्यालाच आस म्हणतात. शब्द एक आणि अर्थ दोन, अशी ही स्थिती आहे. छेडलेल्या तारेत ऊर्जा एकदाच जाते, ती छेडण्याच्या क्षणी. त्यानंतर ती केवळ बाहेर पडत राहते: काही घोडीवाटे (तार ज्या आधारावर टेकते त्यातून) वाद्याच्या पोटात आणि तेथून हवेत, काही तारेच्या स्वतःच्या अंतर्गत घर्षणात, काही हवेच्या विरोधात. नवी ऊर्जा कोठूनच येत नसल्यामुळे अशा स्वराला स्थिर राहण्याची पातळी असेलच तर ती एकच, शून्य. आस वाढवायची असेल तर सस्टेन शून्यावर ठेवून डीके लांबवावा लागतो.

चार बटणांची ही रचना कोठून आली हे पाहिले, की ती तारवाद्यांना का तोकडी पडते हेही कळते. अमेरिकन अभियंते रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्यासोबत आपल्या सिंथेसायझरची पहिली जुळणी केली. पुढच्याच वर्षी कोलंबिया-प्रिन्स्टन इलेक्ट्रॉनिक म्युझिक सेंटरचे व्लादिमिर उसाचेव्स्की यांनी त्यांच्याकडे एन्व्हलपसाठी जी मागणी नोंदवली, तिच्यात चढण्याचा काळ, उतरण्याचा काळ, स्थिर पातळी आणि पट्टी सोडल्यानंतर विरण्याचा काळ अशी चार मापे होती. अटॅक-डीके-सस्टेन-रिलीज ही आजची नावे पुढे एआरपी या सिंथेसायझर बनवणाऱ्या कंपनीच्या यंत्रांनी रूढ केली. फुंकून, गजाने किंवा भात्याने वाजणाऱ्या वाद्यांचे स्वर या चार मापांत बऱ्यापैकी बसतात, कारण तेथे वादक सतत ऊर्जा पुरवत असतो आणि ‘स्थिर पातळी’ या कल्पनेला खरोखर अर्थ असतो. गंमत अशी की, त्या जुन्या यंत्रांत डीके फारसे प्रयत्न न करताही नैसर्गिक वाटे. तो कपॅसिटरमधला विद्युतभार रोधातून निघून जाण्याने घडत असे, आणि कपॅसिटर रिकामा होण्याचा वक्र व तार विरण्याचा वक्र हे एकाच घराण्यातले आहेत. संगणक आल्यावर बटणे तीच राहिली, पण वक्राच्या जागी अनेकांनी सरळ रेषा आणून बसवली. दर सॅम्पलला (संगणकात ध्वनी ज्या आकड्यांच्या रांगेने साठवतात, त्यातील एकेका आकड्याला) ठरावीक आकडा वजा करत जाणे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला सर्वांत सोपे जाते.

या सरळ रेषेने कानाचे काय होते ते आकड्यांतच पाहिलेले बरे. समजा स्वर २ सेकंदांत सरळ रेषेने शून्यावर आणला. पहिल्या पूर्ण सेकंदात त्याच्या तरंगाची उंची निम्मी होते, म्हणजे पातळी केवळ ६ डेसिबलने उतरते; इतका उतार कानाला फार मोठा वाटत नाही. १.८ सेकंदांनी ती २० डेसिबल खाली येते आणि १.९८ सेकंदांनी ४० डेसिबल. उरलेला सगळा उतार शेवटच्या २० मिलिसेकंदांत उरकतो. ऐकणाऱ्याला वाटते की स्वर बराच वेळ जवळजवळ तसाच राहिला आणि मग कोणीतरी त्याचा गळा दाबला. खऱ्या तारेचा उतार याच्या उलट असतो: दर सेकंदाला ठरावीक डेसिबल, म्हणजे ठरावीक काळात ठरावीक पटीने घट. तोच २ सेकंदांचा काळ ६० डेसिबलच्या उतारासाठी धरला, तर दर ०.२ सेकंदाला तरंगाची उंची निम्मी होत जाते. सुरुवातीचा उतार तीव्र, शेपूट लांब आणि अलगद. वजाबाकीच्या जागी गुणाकार करणे, एवढीच दुरुस्ती येथे लागते. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असतील तर प्रत्येक सॅम्पलला आधीच्या पातळीला सुमारे ०.९९९९२१७ ने गुणावे. ८८,२०० गुणाकारांनंतर पातळी मूळच्या एक हजारांश, म्हणजे ६० डेसिबल खाली, येते. छंद म्हणून मी लिहिलेल्या पहिल्या सिंथेसायझरमध्ये सरळ रेषाच होती, आणि आवाज खोटा का वाटतो याचा शोध मी कित्येक आठवडे तरंगांचे आकार बदलून घेत होतो. दोष तरंगात नव्हताच.

गुणाकाराच्या या वक्राची एक खोड मात्र सांगितली पाहिजे. तो शून्यापर्यंत कधीच पोहोचत नाही. सीसाउंडसारख्या संगीतासाठीच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत घातांकी, म्हणजे असा गुणाकाराचा, वक्र आखताना शेवटची पातळी शून्य देता येत नाही, ती याच कारणाने. पातळी इतकी लहान होत जाते की शेवटी संगणकाच्या नेहमीच्या दशांश-मांडणीत ती मावत नाही, आणि अशा अतिसूक्ष्म आकड्यांवर काम करताना काही प्रोसेसर कमालीचे मंदावतात. ऐकू काहीच येत नसते आणि यंत्र मात्र घामाघूम. म्हणून पातळी १०० डेसिबल खाली गेली की तो स्वर संपला असे मानून त्याची जागा नव्या स्वरासाठी मोकळी करणे हा शहाणपणाचा मार्ग आहे.

एवढे केल्याने स्वर विश्वासार्ह होतो, पण अजून तार ऐकू येत नाही. त्याचे पहिले कारण असे की, खऱ्या तारेचा उतार बहुधा एका दराने होतच नाही. भौतिकशास्त्रज्ञ गॅब्रिएल वाइनराइश यांनी १९७७ मध्ये पियानोच्या जोडलेल्या तारांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की, स्वराचे दोन भाग असतात: आधी जोरकस आणि झटकन ओसरणारा, नंतर मंद पण दीर्घकाळ रेंगाळणारा. एकट्या छेडलेल्या तारेतही असेच काही घडते. ती दोन दिशांनी कंप पावते. वाद्याच्या पाटीला लंब दिशेतला कंप पाटीला जोराने हलवतो, म्हणून मोठा ऐकू येतो आणि आपली ऊर्जा लवकर उधळून टाकतो, तर पाटीला समांतर दिशेतला कंप पाटीला फारसे हलवू शकत नाही, म्हणून लहान आवाजात पण पुष्कळ वेळ टिकतो. सॉफ्टवेअरमध्ये हे साधायला दोन घातांकी वक्रांची बेरीज पुरते. एक वक्र पूर्ण उंचीच्या ०.९ पासून सुरू होऊन सेकंदाला ६० डेसिबलने उतरणारा, दुसरा ०.१ पासून सुरू होऊन सेकंदाला केवळ १२ डेसिबलने उतरणारा, असे घेतले तर सुमारे ०.४ सेकंदानंतर दुसरा पहिल्याच्या वर येतो आणि तेथे उताराला एक हलकेसे वळण मिळते. ज्याला आपण ‘स्वर मागे रेंगाळला’ म्हणतो तो अनुभव या वळणात आहे. चार बटणांच्या एन्व्हलपमध्ये असे वळण देण्याची सोय नसते. सस्टेन थोडासा वर ठेवून त्याची नक्कल करू पाहणारे पुष्कळ आहेत, पण मग तो रेंगाळणारा भाग उतरतच नाही आणि पुन्हा ऑर्गन डोकावतो.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. स्वर विरताना केवळ लहान होत नाही, तो मऊही होत जातो. तारेच्या मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वर वाजत असतात आणि सामान्यतः वरचे उपस्वर आधी संपतात. छेडल्याच्या क्षणी झणत्कार असतो, अर्ध्या सेकंदाने गोलाई येते, आणि शेवटी जवळजवळ फक्त मूळ स्वर उरतो. पातळीचा एकच एन्व्हलप सगळ्या उपस्वरांना एकाच मापाने खाली आणतो, म्हणून त्यातून निघणारा आवाज ध्वनिमुद्रण हळूहळू बारीक केल्यासारखा वाटतो. याला तीन उपाय आहेत आणि तिन्ही जुने आहेत. पहिला, फिल्टरला (वरच्या वारंवारता गाळणाऱ्या भागाला) स्वतंत्र एन्व्हलप देऊन तो पातळीच्या एन्व्हलपपेक्षा लवकर खाली आणणे. माझ्या मते पातळीच्या उताराला जेवढा काळ दिला असेल त्याच्या तिसऱ्या ते अर्ध्या हिश्शापर्यंतचा काळ फिल्टरला देऊन सुरुवात करावी आणि मग कानाने ठरवावे. दुसरा, प्रत्येक घटकाला आपापला एन्व्हलप देणे. यामाहा कंपनीचा १९८३ चा डीएक्स-७ हा सिंथेसायझर छेडलेल्या आणि ठोकलेल्या आवाजांत इतका सरस का ठरला, याचे एक मोठे कारण येथे आहे: त्याच्यात जॉन चाउनिंग यांच्या वारंवारता-मॉड्युलेशनच्या (एका तरंगाने दुसऱ्याची वारंवारता हलवण्याच्या) तंत्रावर चालणारे सहा ऑपरेटर, म्हणजे तरंग निर्माण करणारे घटक, होते आणि प्रत्येकाला चार दर व चार पातळ्यांचा स्वतःचा एन्व्हलप होता, त्यामुळे उजळपणा आणि पातळी वेगवेगळ्या गतीने उतरू शकत. तिसरा उपाय एन्व्हलप आखायचाच नाही असा आहे. त्याकडे पुढे येतो.

खर्जातल्या स्वराची आस लांब आणि तारसप्तकातल्या स्वराची आखूड असते, हे कोणत्याही तारवाद्यावर ऐकता येते. सिंथेसायझरमध्ये मात्र डीकेचे एकच बटण बहुधा साऱ्या पट्ट्यांना लागू असते, आणि मग खालचे स्वर तोडल्यासारखे किंवा वरचे स्वर काचेच्या घंटांसारखे वाटतात. डीएक्स-७ मध्ये वरच्या स्वरांच्या पट्ट्यांकडे जावे तसा एन्व्हलपचा वेग वाढवण्याची सोय होती. आजच्याही अनेक सॉफ्टवेअरमध्ये ती कोठेतरी दुसऱ्या-तिसऱ्या पानावर दडलेली असते. दर सप्तकाला डीके ०.६ ते ०.७ पट करून पाहावा. त्या एका बदलाने जो फरक पडतो तो खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रणांच्या महागड्या संचानेही पडत नाही, असे मी ठामपणे म्हणेन.

आता स्वराच्या आरंभाकडे वळतो, कारण वाद्य ओळखण्याचा कानाचा भर तेथेच असतो. फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी १९४८ च्या सुमारास घंटेच्या ध्वनिमुद्रणातून ठोक्याचा भाग कापून उरलेला नाद ऐकला, तेव्हा ती घंटा घंटा म्हणून ओळखता येईना. रोलँड कंपनीच्या १९८७ च्या डी-५० या यंत्राची सारी हुशारी याच गोष्टीवर उभी होती: सुरुवातीचा आघात खऱ्या ध्वनिमुद्रणाचा, पुढचा लांब भाग कृत्रिम, कान आरंभावर विश्वास ठेवतो आणि पुढचे मान्य करतो. छेडलेल्या स्वरासाठी अटॅक शून्य ठेवावा असे सर्रास सांगितले जाते, तेही अर्धेच खरे आहे. तरंग मध्येच कोठूनतरी सुरू झाला तर पहिल्याच सॅम्पलला उडी बसते आणि टकटक ऐकू येते. ही टकटक नखीच्या आवाजाशी गल्लत करून घेऊ नये. नखीचा आवाज वाद्यानुसार बदलतो, ही टकटक मात्र सगळीकडे सारखीच कोरडी असते. १ ते ३ मिलिसेकंदांचा अटॅक ठेवावा आणि नखीच्या किंवा बोटाच्या स्पर्शासाठी गोंगाटाचा एक वेगळा, १० ते ३० मिलिसेकंदांत संपणारा थर द्यावा, त्याचा स्वतःचा एन्व्हलप ठेवावा. येथे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना एक इशारा: अनेक प्रणाली आवाज सॅम्पलगणिक मोजतात, पण एन्व्हलप मात्र ठरावीक सॅम्पलच्या गटाला एकदाच मोजतात. गट ६४ सॅम्पलचा असेल तर त्याची लांबी सुमारे १.४५ मिलिसेकंद होते, आणि १ मिलिसेकंदाचा अटॅक त्या एका पायरीच्या आतच हरवतो. वापरणारा बटण फिरवत बसतो, ऐकू काहीच वेगळे येत नाही.

जोराने छेडलेली तार केवळ मोठी वाजत नाही. ती अधिक उजळ वाजते आणि क्षणभर किंचित चढी लागते, कारण मोठ्या कंपात तार अधिक ताणली जाते. हा वाढीव ताण कंपाच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून स्वराची चढ पातळीच्या दुप्पट वेगाने ओसरते. काही सेंटचाच (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) हा खेळ आहे, पण तो एन्व्हलपमध्ये धरला, म्हणजे पातळीच्याच वक्राचा वर्ग करून स्वराच्या वारंवारतेला जोडला, तर जोरकस छेड खरोखर जोरकस वाटते. तेव्हा पट्टी किती जोराने दाबली हे सांगणारा १ ते १२७ मधला मिडीचा (वाद्ये आणि संगणक यांच्यातील संदेशांच्या भाषेचा) आकडा नुसत्या पातळीला न जोडता फिल्टरच्या उजळपणाला, गोंगाटाच्या थराला आणि स्वराच्या चढीलाही जोडावा. हार्पसिकॉर्डची (पियानोसारखे दिसणारे, पण तारा छेडणारे वाद्य) नक्कल करत असाल तर उलट तो पातळीपासून जवळजवळ तोडावा, कारण त्या वाद्याची कळ तारेला जेवढी छेडायची तेवढीच छेडते, तुम्ही कितीही जोर लावा.

रिलीजविषयी लेखात एक ओळही नाही. छेडलेल्या वाद्यात पट्टी सोडणे म्हणजे तारेवर बोट किंवा फेल्ट टेकवणे, आणि प्रत्येक वाद्यात त्याचा अर्थ वेगळा असतो. हार्पला डॅम्पर नसतात, वादकाने हाताने थांबवल्याशिवाय तार वाजतच राहते. तेथे रिलीज डीकेइतकाच ठेवावा लागतो, नाहीतर पट्टी सोडताच स्वर मरतो आणि हार्पची ओळखच जाते. गिटारमध्ये पडद्यावरचे बोट उचलले की स्वर लगेच थांबतो, तरीही अगदी शून्यावर येत नाही; वाद्याचे पोट आणि इतर तारा थोडा वेळ घुमत राहतात. हे घुमणे प्रत्येक स्वराच्या एन्व्हलपमध्ये कोंबू नये. ते एन्व्हलपच्या पुढे, सर्व स्वरांना सामाईक असलेल्या फिल्टरमध्ये किंवा अनुनादकात (वाद्याच्या पोटासारख्या घुमणाऱ्या भागात) ठेवावे, म्हणजे स्वर तुटला तरी वाद्य एकदम मुके होत नाही. क्रम उलटा ठेवला, म्हणजे अनुनादक आधी आणि एन्व्हलप नंतर, तर पट्टी सोडताच पोटाचा नादही कापला जातो. खोलीचे दार आपटल्यासारखे होते.

तीच तार पुन्हा छेडणे हा तर बहुतेक सॉफ्टवेअरांचा खरा कच्चा दुवा आहे. सतारीवर झाला (द्रुत लयीतील भराभर छेडींचा भाग) वाजवताना किंवा गिटारवर एकच स्वर भराभर काढताना नखी आधी कंप पावणाऱ्या तारेला टेकते, तिला क्षणभर दाबते आणि मग सोडते. म्हणजे दोन छेडींमध्ये एक सूक्ष्म खाच असते, पण पूर्ण शांतता नसते. सिंथेसायझर यावर बहुधा दोन पर्याय देतो: एन्व्हलप शून्यावर आणून नव्याने सुरू करणे, ज्यात टकटक होते, किंवा जुना स्वर तसाच ठेवून त्यावर नवा रचणे, ज्यात एकाच तारेवर चार स्वर एकमेकांवर साचतात आणि नुसता कल्लोळ होतो. जुना स्वर ५ ते १० मिलिसेकंदांत खाली आणावा आणि त्याच वेळात नवा सुरू करावा. आणि हे पट्टीगणिक न करता तारेगणिक करावे, म्हणजे एका तारेवर एका वेळी एकच स्वर. सॉफ्टवेअरमध्ये ‘तार’ ही संकल्पना आली की पुष्कळ गोष्टी आपोआप सुटतात.

एन्व्हलप आखायचाच नाही, या उपायाचा वर उल्लेख केला होता. केव्हिन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात गोंगाटाचा एक लहानसा तुकडा एका फेरीत फिरत ठेवतात आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन सॅम्पलची सरासरी घेत जातात. बस, एवढेच. सरासरीने वरचे उपस्वर झपाट्याने झिजतात, खालचे सावकाश, आणि छेडलेल्या तारेचा आवाज निघतो. त्यात एन्व्हलप नावाचा भागच नसतो, तरी एन्व्हलप ऐकू येतो. पहिल्यांदा हे ऐकताना मला हसू आवरले नव्हते. तथापि येथेही मोजल्याशिवाय चालत नाही. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल धरले तर या मूळ पद्धतीत ११० हर्ट्झच्या स्वराचा मूळ घटक ६० डेसिबल खाली यायला सुमारे २,०४५ सेकंद, म्हणजे जवळजवळ ३४ मिनिटे लागतात, तर १,७६० हर्ट्झचा स्वर अर्ध्या सेकंदात आटोपतो, कारण एक सप्तक वर गेले की आस आठपटीने घटते. कोणत्याही खऱ्या वाद्यात इतकी तफावत नसते. शिवाय फेरीची लांबी पूर्ण सॅम्पलमध्येच मोजली तर ४४० हर्ट्झच्या जागी ४३८.८ किंवा ४४३.२ मिळतात आणि स्वर बेसूर लागतो. डेव्हिड जॅफ आणि ज्युलियस स्मिथ यांनी त्याच वर्षी या पद्धतीत ज्या सुधारणा सुचवल्या, त्यांत स्वर अचूक लावणे, आस लांबवणे-आखडणे, छेडण्याची जागा आणि जोर बदलणे हे सारे आहे. तार एक-पंचमांश अंतरावर छेडली तर पाचवा, दहावा, पंधरावा उपस्वर गायब होतो, हे भौतिकशास्त्राचे जुने सत्य तेथे एका साध्या फिल्टरने साधते. म्हणजे आस हवी तशी घडवण्याचे काम या मार्गानेही टळत नाही. ते फक्त दुसऱ्या खोलीत जाते.

सतार आणि तंबोऱ्याच्या बाबतीत वरील सगळ्याला एक मोठा अपवाद जोडावा लागतो. या वाद्यांची घोडी रुंद आणि किंचित वक्र असते. तार कंप पावताना तिच्यावर टेकते-सुटते आणि त्यातून जवारी, म्हणजे या वाद्यांचा खास झणझणीत, उजळ नाद, उमटते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांवरील लेखात दाखवून दिले की, छेडण्याच्या जागेमुळे जे उपस्वर निघायलाच नको होते तेही येथे जोराने ऐकू येतात. अशा घोडीमुळे ऊर्जा खालच्या उपस्वरांकडून वरच्यांकडे जात राहते, म्हणून स्वर विरत असताना उजळपणा सरळ उतरत नाही. तो फुलतो, सरकतो आणि मग मावळतो. फिल्टरचा खाली येणारा एन्व्हलप येथे उलटा परिणाम करतो. निदान चार-पाच टप्प्यांचा, मध्येच वर जाऊ शकणारा फिल्टर-एन्व्हलप हवा. मींडीसाठी तर पातळीचा उतारही जपून आखावा लागतो, कारण तार खेचून वरच्या स्वरावर पोहोचेपर्यंत आस उरली नसेल तर मींड अर्ध्यावर तुटते.

सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. चार बटणांचा एन्व्हलप खुशाल ठेवा, पण त्याच्या शेजारी छेडलेल्या स्वरांसाठी दुसरा द्या: सस्टेनचे बटण नसलेला, दोन उतारांचा, सप्तकानुसार आखडणारा, डेसिबलच्या हिशोबाने उतरणारा. आणि पडद्यावर तो वक्र दाखवताना खरा वक्र दाखवा. आतला उतार घातांकी असून चित्र सरळ रेषेचे, असे काही ठिकाणी असते आणि शिकणाऱ्याचे डोळे त्याच्या कानाला खोटे पाडत राहतात. ज्यांना स्वतः पडताळा घ्यायचा असेल त्यांनी खऱ्या तारेचा एक स्वर ध्वनिमुद्रित करावा, त्याची पातळी डेसिबलच्या पट्टीवर उघडावी आणि तीच पट्टी आपल्या सिंथेसायझरच्या स्वराला लावावी. खऱ्या तारेची रेषा तेथे जवळजवळ सरळ उतरताना दिसेल, क्वचित मध्ये एका वळणासह. साध्या पट्टीवर सरळ आखलेला एन्व्हलप मात्र याच चित्रात आधी सपाट आणि शेवटी कड्यावरून कोसळलेला दिसेल.

आपल्याकडे विनंती एवढीच की, पुढील अंकात त्या चौकटीची दुरुस्ती छापावी. ‘सस्टेन वाढवावा’ या दोन शब्दांच्या जागी ‘सस्टेन शून्यावर ठेवून डीके वाढवावा, आणि फिल्टरचा डीके त्याहून कमी ठेवावा’ असे म्हटले तर जागाही फार लागणार नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक